पाला न घातलेला डबा

गेल्या श्रावणातल्या एका सकाळी काचेच्या मोठ्या बरणीकडे मी पाहिले, तेव्हा जाळीच्या झाकणाला एरवी उलटी लटकून राहणारी माझी प्रेइंग मँटिस किड्याची हिरवी मादी तळाशी कलंडून पडलेली होती. तिच्या तोंडाशी काळपट, पातळ द्रव साचला होता आणि काचेवर त्याचे दोन ओघळ वाळले होते. पुढच्या काटेरी पायांची मिटलेली जोडी मधूनच उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. आदल्या संध्याकाळी तिने एक रातकिडा खाल्ला होता, तोही मी चिमट्याने धरून तिच्या समोर नेलेला. दीड दिवस ती तशी राहिली आणि मग हालचाल थांबली. मी सव्वीस वर्षे रक्त-लघवीच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे एखादी गोष्ट बिघडली की नमुना कुठून आला, तो कशात ठेवला होता आणि किती वेळ ठेवला होता, हे प्रश्न आपोआप मनात येतात. त्या सकाळी मात्र ते प्रश्न यायला थोडा वेळ लागला, कारण त्यांची उत्तरे माझ्याच हातांपर्यंत येऊन थांबणार आहेत हे मला आधीच कळले होते.

इंग्रजीत ज्याला प्रेइंग मँटिस म्हणतात त्याला आमच्या घरात खंडोबाचा किडा म्हणत आणि लहानपणी त्याला मारू नये एवढी एकच शिकवण आम्हांला होती. ही मादी हायरोडुला या प्रजातीतली होती. महाराष्ट्रात बागेत, कुंपणावर, दिव्याखाली पुष्कळदा दिसणारा हा मोठा हिरवा किडा. पुण्यात, वेताळ टेकडीच्या बाजूला असलेल्या आमच्या घराच्या गच्चीत जास्वंदीच्या एका फांदीवर फेसासारखा वाळलेला, तपकिरी अंडीकोश भाचीला सापडला आणि एका सकाळी त्यातून तांदळाच्या दाण्याएवढी शंभरावर पिल्ले खाली लोंबकळू लागली. बहुतेक सगळी आम्ही झाडांवर सोडून दिली आणि पाच ठेवली. त्यांतली ही शेवटची. एकेक कात टाकत ती करंगळीएवढी झाली होती आणि पंख येण्याआधीची एकच कात राहिली होती.

ती गेल्यावर मी तिची बरणी बाजूला ठेवली आणि रातकिड्यांचा डबा उघडला. हा डबा मी रोज उघडत होते, रोज त्यातून रातकिडा उचलत होते, पण त्याच्याकडे पाहिले असे मात्र म्हणता येणार नाही. माझे सगळे पाहणे बरणीपाशी संपत असे. बरणीत पाण्याचे फवारे वेळेवर, काठीचा उतार योग्य, ऊन थेट नाही, जाळी रोज पुसलेली; आणि डब्यात तळाशी भिजून काळी पडलेली गाजराची चकती, तिच्या कडेला करड्या बुरशीची लव, अंड्यांच्या कागदी ट्रेच्या खाचेत अडकलेले तीन मेलेले रातकिडे, आणि त्या मेलेल्यांवर बसून खाणारे जिवंत रातकिडे. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला. तो वास आदल्या दिवशीही असणारच. बाहेर आठ दिवस सतत पाऊस होता, भिंतीसुद्धा ओलसर झाल्या होत्या, आणि मी डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवले होते, कारण एक रातकिडा पळून स्वयंपाकघरात गेला होता.

मँटिस भक्ष्य जिवंत पकडतो आणि जिवंतच खायला लागतो. तो चिरत नाही, धूत नाही, आतडे काढून टाकत नाही. म्हणजे रातकिड्याने दुपारी जे खाल्ले ते संध्याकाळी, त्याच्या पोटात असतानाच, मँटिसच्या पोटात जाते. मी रातकिडा खाऊ घालत आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्या कुजक्या गाजराची चकती, ती बुरशी आणि त्या मेलेल्या रातकिड्यांचे तुकडे एका हलत्या वेष्टणात घालून तिच्यापुढे ठेवत होते.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार विचार करायला लावतो. विषारी चिकाच्या वनस्पतीवर वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखराच्या अळ्या चिनी मँटिसला दिल्या असता तो अळीचे आतडे बाहेर ओढून टाकतो आणि उरलेले शरीर खातो, तर बिनविषारी अळ्या तो संपूर्ण खातो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली नोंदवले. आपल्याकडे रुईच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्या त्याच कुळातल्या आहेत. म्हणजे लक्षावधी वर्षे जे विष समोर येत राहिले त्याच्याशी कसे वागायचे हे त्या जातीला ठाऊक आहे. पण बंद डब्यातली सड, गाजरावरची फवारणी, डासांच्या यंत्रातून येणारी वाफ ही विषे त्याच्या जातीने कधी पाहिलेलीच नाहीत. त्यांच्यापुढे त्याच्या बाजूने पाहणारे डोळे फक्त आपले असतात.

मी डबा रिकामा केला, उकळत्या पाण्याने धुतला, उन्हाची तिरीप जिथे येत होती तिथे दोन दिवस उघडा ठेवला आणि नवा कोंडा भरला. आता सगळे ठीक होईल अशी माझी खात्री होती. बाहेरून आणलेले छोटे रातकिडे पहिले काही दिवस टुणटुणीत होते आणि मग एकेक करून विचित्र रीतीने मरू लागले. कात टाकायला सुरुवात करत, पाठीवरचे जुने कवच फाटे आणि तिथेच अडकून राहत. अर्धे बाहेर, अर्धे आत. वास नव्हता, बुरशी नव्हती, गाजर ताजे होते. दोन आठवडे मी कारण शोधत होते आणि कारण रोज माझ्या बोटांना लागत होते.

तो कोंडा मी घरातल्या गव्हाच्या कोठीशेजारच्या डब्यातून घेतला होता आणि आमच्या घरी प्रत्येक धान्याच्या डब्यात वाळवलेला कडुनिंबाचा पाला असतो. आईने ते तिच्या आईकडून घेतले, तिने तिच्या सासूकडून. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवायचा, तांदळाला बोरिक पावडर चोळायची, गव्हात पाला घालायचा, आणि वर्षाचे धान्य भरण्याआधी सगळे कडक उन्हात वाळवायचे. टोके, सोंडे, पोरकिडे, धान्यातल्या अळ्यांनी धरलेली जाळी या शब्दांनी आमच्या घरातल्या बायकांची किती दुपार व्यापलेली असायची, हे ज्यांनी अशी घरे पाहिली आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. धान्यात किडा वाढू नये यासाठी पिढ्यानपिढ्या जमवलेली ती विद्या होती आणि मी त्याच धान्यावर किडे वाढवायला निघाले होते.

कडुनिंबाचे सामर्थ्य किती आहे याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असता हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की टोळांनी आसपासची हिरवाई फस्त केली, पण कडुनिंबाची झाडे तशीच राहिली. पुढे १९६८ साली कडुनिंबाच्या बियांतून अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते कीटकाची भूक मारते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कात टाकण्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाच्या कामात अडथळा आणते. पाल्यापेक्षा निंबोळीत ते अधिक असते हे खरे, पण टोळ आणि रातकिडे एकाच गणातले चुलत भाऊ आहेत, आणि माझे रातकिडे त्या चुरलेल्या पाल्याच्या भुकटीतच राहत होते, तीच खात होते. बोरिक पावडर तर झुरळे मारायला वापरतातच. ती पोटात गेली की किडा लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, आणि तेवढ्या दिवसांत तो कोणाचे तरी भक्ष्य होऊ शकतो. पाला किंवा पावडर लागलेल्या डब्यातून मी कधी काय काढून दिले होते याचा हिशेब मला लावता आला नाही. पाच पिल्लांपैकी दोन कात टाकतानाच गेली होती. त्या वेळी मी हवेच्या कोरडेपणाला दोष दिला होता.

आईला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाला घातला नाही तर आठवड्यात जाळी धरेल." मी म्हटले, "धरू दे, आई. जाळी धरली तर तो कोंडा चांगला आहे असे समजायचे." तिने मान हलवली. तिला ते पटले नव्हते आणि ते मी समजू शकते. ज्या खुणेला आयुष्यभर तिने हलगर्जीपणाची खूण मानले तिलाच मी शुद्धतेची खूण म्हणत होते. पण दुसऱ्या दिवशी मांडणीवर एक नवा स्टीलचा डबा आला होता आणि त्यावर चिकटपट्टीखाली तिच्या अक्षरात चिठ्ठी होती: रातकिड्यांचा कोंडा. पाला घालू नये. तिने तो डबा इतर डब्यांपासून दूर, वरच्या फळीवर ठेवला होता, म्हणजे आपल्या हातून चुकूनही त्यात काही पडू नये.

तेव्हापासून डब्याची रीत बदलली. कोरडेपणा हा तिचा पाया आहे. रातकिड्यांना पाणी लागते, आणि ओल हीच त्यांच्या डब्यातली मुख्य शत्रू असते, त्यामुळे पाणी आणि कोरडे अन्न यांची गाठ पडू द्यायची नाही हे एवढे पाळले की निम्मे काम होते. पाणी मी वाटीत ठेवत नाही. छोटे रातकिडे त्यात बुडतात आणि बुडालेला रातकिडा एका रात्रीत सडतो. सोललेल्या लाल भोपळ्याची किंवा गाजराची पातळ चकती बाटलीच्या झाकणात ठेवते आणि बारा तासांनी, ती कितीही ताजी दिसली तरी, काढून टाकते. कोंडा आणि भरडलेले ओट्स वेगळ्या उथळ झाकणात, बोटाच्या पेराएवढ्या थरात. डब्याच्या दोन बाजू कापून तिथे धातूची बारीक जाळी लावली आहे, कारण नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. अंड्यांचे कागदी ट्रे उभे ठेवते, म्हणजे लेंड्या खाचांत साचत नाहीत, खाली पडतात. आडवे ठेवले की प्रत्येक खळग्यात लेंडी आणि मेलेला रातकिडा यांचा साठा होतो. रोज सकाळी चहाच्या आधी मेलेले रातकिडे चिमट्याने वेचते. हे काम एक दिवस टळले तरी चालेल असे ज्याला वाटते त्याने पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी डब्यात नाक घालून पाहावे. निरोगी डब्याला वास असतो, पण तो कोरड्या धान्याचा, गिरणीतल्यासारखा असतो.

साबण, फिनेल, जंतुनाशक यांपैकी काहीही मी डब्याला लावत नाही. पाणी उकळते घ्यायचे आणि ऊन कडक घ्यायचे. प्रयोगशाळेत आम्ही उष्णतेवर जेवढा विश्वास ठेवत असू तेवढा कोणत्याही बाटलीतल्या द्रावणावर ठेवत नसू, कारण उष्णता मागे काही ठेवून जात नाही.

विकत आणलेला रातकिडा मी थेट कोणालाच देत नाही. दुकानातल्या डब्यात तो काय खात होता हे मला माहीत नसते, म्हणून नवे रातकिडे चार दिवस वेगळ्या डब्यात, वेगळ्या चिमट्यासह राहतात. दोन दिवसांत जुने अन्न आतड्यातून निघून जाते आणि चार दिवसांत, ज्याला मरायचे असते तो बहुधा मरतो. कोणी पाठीवर पडून पाय झाडत असेल, कोणाचे पोट काळे आणि मऊ पडले असेल, कोणी हात लावूनही उडी मारत नसेल, तर ती सगळी खेप मी वापरत नाही. एकटा आजारी रातकिडा बाजूला काढून बाकीचे वापरावेत हा मोह फार सोपा असतो. रातकिड्यांची साथ ही कल्पनेतली गोष्ट नाही. घरगुती रातकिड्यांच्या एका विषाणूने युरोपातल्या रातकिडेपालनाला आधीपासून ग्रासले होते, आणि २०१० च्या सुमारास तो उत्तर अमेरिकेत पसरून तिथली मोठमोठी पालनकेंद्रे रिकामी झाली. तो विषाणू रातकिड्यांचा आहे. पण जिथे शेकडो जीव एकमेकांच्या विष्ठेवर चालत असतात तिथे एक आजार किती वेगाने सगळ्यांचा होतो हे त्यातून दिसते. आता मी सहसा काळे रातकिडे घरीच वाढवते. ओलसर कोकोपीटच्या वाटीत माद्या अंडी घालतात आणि उबेत सहा ते आठ आठवड्यांत एक पिढी उभी राहते. नर रात्री गातात. त्यांचे गाणे ऐकत मी झोपते, आणि त्यांतला एखादा दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलते. याची मला सवय झालेली नाही आणि व्हावी असे वाटतही नाही.

भाज्यांचा प्रश्न सुटायला वेळ लागला. पालक, कोथिंबीर, फ्लॉवर यांवर फवारणी होते हे सर्वांना माहीत असते आणि आपण त्या धुऊन खातो. पण काही कीटकनाशके पानाच्या वर राहत नाहीत; मुळांतून किंवा पानांतून झाडाच्या रसात शिरतात आणि मग कितीही धुतले तरी पानातच राहतात. माणसाच्या शरीराला जी मात्रा जाणवणारही नाही ती रातकिड्याला पुरेशी असते, कारण ते औषध त्याच्याच मज्जासंस्थेसाठी बनवलेले असते. म्हणून बाजारातली पालेभाजी मी रातकिड्यांना देणे पूर्ण बंद केले. गच्चीतल्या कुंडीत पेरलेली मेथी आणि सोलून आतला गर घेतलेला भोपळा एवढ्यावर त्यांचे भागते. पेरायचे बीसुद्धा स्वयंपाकाच्या मेथीचे घेते. बियाण्याच्या पाकिटातल्या गुलाबी, औषध लावलेल्या बिया नाहीत.

हवेतून येणाऱ्या गोष्टींकडे माझे लक्ष सगळ्यात उशिरा गेले. आपल्या घरांत संध्याकाळ झाली की डासांचे यंत्र भिंतीला लागते. त्यातल्या ट्रान्सफ्लुथ्रिनसारख्या द्रव्यांनी कीटकाच्या चेतातंतूंमधली सोडियमची दारे उघडीच राहतात, तंतू सतत इशारे देत राहतो आणि किडा पाय झाडत पाठीवर पडतो. डास आणि मँटिस यांत त्या वाफेला फरक करता येत नाही. आम्ही यंत्र आणि उदबत्तीसारखी डासांची कॉइल दोन्ही बंद केली आणि खिडक्यांना जाळ्या बसवल्या. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने गल्लीत धूरफवारणी होते; डिझेलमध्ये कालवलेल्या कीटकनाशकाचा तो पांढरा ढग दिसायच्या आधी यंत्राचा आवाज येतो, आणि तो आला की मी डबे आणि बरण्या आतल्या न्हाणीघरात नेऊन दाराखाली ओला टॉवेल लावते. फवारणी करू नये असे मी म्हणत नाही, आमच्याच इमारतीत डेंग्यूने दोन जण आजारी पडले आहेत. पण त्यानंतरचे आठ-दहा दिवस बाहेरची एकही माशी, एकही पतंग घरात भक्ष्य म्हणून येत नाही. आणि हात. भाचीकडे कुत्रा आहे, त्याला गोचिडांसाठी मानेवर औषधाचे थेंब टाकतात. अशा काही औषधांत फिप्रोनिल हे कीटकनाशक असते. कुत्र्याला कुरवाळलेल्या हाताने तिने एकदा मँटिसच्या पिल्लांसाठी पाळलेल्या फळमाशांची बाटली उचलली आणि तासाभरात आतल्या माशा तळाशी पडल्या. तिला मी रागावले नाही. ती रडत होती. आता कुत्र्याला हात लावलेल्या दिवशी ती बरण्यांना हात लावत नाही आणि डासांचे मलम लावले असेल तर कोपरापर्यंत हात धुते.

बाहेरचे भक्ष्य शुद्ध असते, कारण ते निसर्गातले असते, असा एक समज मीही बाळगून होते. उकिरड्यावरची माशी निसर्गातलीच असते. सोसायटीच्या कुंपणावर महिन्याला फवारणी होते आणि त्या कुंपणावरचा नाकतोडा देखणा, टवटवीत दिसतो. टेकडीवरच्या गवतातले नाकतोडे मी काही काळ आणले. ते पुष्कळ बरे. पण पाण्याजवळचे कीटक मी कधीही देत नाही, आणि त्याचे कारण घोड्याच्या केसासारखा दिसणारा एक परजीवी कृमी आहे. त्याच्या अळ्या पाण्यातल्या कीटकांच्या शरीरात शिरून थांबतात, ते कीटक पंख फुटून बाहेर उडतात, मँटिस त्यांना खातो, आणि मग तो कृमी मँटिसच्या पोटात त्याच्या लांबीपेक्षा अधिक वाढतो. वाढ पूर्ण झाली की यजमानाला तो पाण्याकडे नेतो. जपानमधील संशोधकांनी २०२१ साली दाखवले की अशी लागण झालेला मँटिस पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या, आडव्या दिशेतच कंप पावणाऱ्या म्हणजे ध्रुवित प्रकाशाकडे ओढला जातो. त्यांनी अभ्यासलेला मँटिस हायरोडुलाच होता, माझ्या मादीच्याच प्रजातीतला. पाणी पाहून उडी घेणारा तो हिरवा जीव मी डोळ्यांपुढे आणला, तेव्हापासून मुठेच्या बाजूने येणारी दिव्यावरची चिलटे आमच्या बरणीत गेलेली नाहीत.

सगळ्यात लहान पिल्लांसाठी फळमाशाच लागतात. या माशांची निगा मला प्रयोगशाळेच्या सर्वांत जवळची वाटते. पुण्यातील आयसरमध्ये आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच माशीवर संशोधन चालते. तिथल्या लोकांना बाटलीतली बुरशी आणि सूक्ष्म कोळी (माइट) यांचा जो धाक असतो तोच आता मला असतो. सोललेले केळे, मक्याचे पीठ, थोडा गूळ आणि व्हिनेगर एकत्र शिजवून बाटल्यांत ओतते. बाटल्या आधी कुकरमध्ये वीस मिनिटे वाफवलेल्या असतात. गार झाल्यावर वर चिमूटभर यीस्ट आणि तोंडाला कापसाचा बोळा. साधारण २५ अंशांना दहा दिवसांत नव्या माशा निघतात. बाटली तीस दिवसांची झाली की त्यात माशा कितीही दिसोत, मी ती उकळत्या पाण्यात रिकामी करते, कारण जुन्या बाटलीत धान्यावरचे पांढरे कोळी धुळीसारखे पसरतात, माशांच्या अंगाला चिकटून बरणीत जातात आणि तिथून पिल्लांच्या सांध्यांत बसतात. बाटल्यांची फळी साबणाच्या पाण्याच्या परातीत उभी असते. आजोळी दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, मुंग्या चढू नयेत म्हणून; तीच युक्ती. एप्रिलमध्ये मात्र एक वेगळीच अडचण येते. या माशा पंख खुरटलेल्या वाणाच्या असतात, म्हणून त्या उडून जात नाहीत, पण तो खुरटेपणा उष्णतेवर अवलंबून असतो. ३० अंशांच्या वर वाढलेल्या पिढीचे पंख मोठे होतात. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी बोळा काढला आणि अख्खी बाटली उडून गेली. आता उन्हाळ्यात बाटल्या माठाजवळ, ओल्या फडक्याच्या गारव्यात असतात.

स्वच्छ रातकिडासुद्धा चुकीच्या वेळी घातक असतो. मँटिस कात टाकायच्या आधी दोन-चार दिवस खात नाही, उलटा लटकून स्तब्ध राहतो, आणि कात टाकल्यावर त्याचे अंग काही तास ओल्या कागदासारखे मऊ असते. त्या वेळी बरणीत राहिलेला भुकेला रातकिडा त्याला खातो. भक्ष्य आणि भक्षक यांची अदलाबदल व्हायला एक रात्र पुरते. म्हणून दिलेला रातकिडा अर्ध्या तासात पकडला गेला नाही तर मी तो परत काढते, आणि खाऊन झाल्यावर खाली पडलेले पाय-पंख लगेच उचलते. रातकिड्याला डब्यात पोटभर खायला मिळाले असेल तर तो असा हल्ला सहसा करत नाही, हेही मी पाहिले आहे. उपाशी ठेवलेले रातकिडे एकमेकांनाही सोडत नाहीत.

यंदा दोन मादी ठेवल्या होत्या. दोघींनीही शेवटची कात नीट टाकली. एकीने पहाटे, मी समोर बसलेली असताना. चुरगळलेले पंख एक तासभर हळूहळू उलगडत गेले आणि आई मागे उभी राहून पाहत होती. एकीला आम्ही नवरात्रात जास्वंदीवर सोडली. दुसरीने कार्तिकात बरणीतल्या काठीवर फेसाचा अंडीकोश घातला. तो आता वाळून तपकिरी झाला आहे. उबेत महिना-दीड महिना लागतो, थंडीत थोडा अधिक. पुण्याच्या डिसेंबरात फळमाशांनाही दहाऐवजी पंधरा-वीस दिवस लागतात, म्हणून आजच सहा बाटल्या भरल्या, त्यांवर तारखा घातल्या आणि फळी परातीत उभी केली. कोंड्याचा डबा उघडला तेव्हा त्यात एका कोपऱ्यात बारीकशी जाळी धरली होती. आईला हाक मारून दाखवली.